मामांचं चांदीचं पाणी

माझं माहेर जयसिंगपूरचं. बी.एस्सी.ची दोन वर्षं झाली आणि लग्न ठरलं, शेवटचं वर्ष राहूनच गेलं. सासर शिवाजी पेठेत. सासऱ्यांना मी मामा म्हणे, सासूबाईंना आत्याबाई. मामा गिरणीत वायरमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. पेठेचा फुटबॉल संघ मैदानात उतरला की ते असे ओरडायचे, की नंतर घरात खुणांनीच बोलावं लागे. घसा कायम बसलेला.

हुपरीला, चांदीकामाच्या त्या गावी, एका लग्नात त्यांना कुणीतरी सांगितलं, चांदीचं पाणी घेतलं की घसा साफ होतो. मामा परतले ते चांदीच्या तारेचे दोन तुकडे खिशात घालूनच.

"पोरी, तू कालेजात शिकलीस न्हवं? चांदी पाण्यात उतरती काय गं?"

लग्न झाल्यापासून मला असलं काही विचारणारे ते पहिलेच. मी हातातलं काम तसंच ठेवलं.

"वीज सोडली तर थोडी उतरेल, मामा. पण घरातली वीज नको. बॅटरीचे सेल घेऊ."

आत्याबाई भाकरी थापत होत्या. "सासरा-सून मिळून घर पेटवा आता," त्या म्हणाल्या.

मामांनी पुठ्ठ्याच्या नळीत एकामागे एक सेल बसवले. काचेच्या पेल्यात तारा सोडल्या आणि त्या धरून ठेवायला आत्याबाईंचे कपड्याचे चिमटे लावले. पाणी नळाचंच होतं. जरा वेळानं एका तारेभोवती दुधासारखं पांढरं काहीतरी सुटायला लागलं.

"आली बघ चांदी!"

"ही नुसती चांदी नाही, मामा. नळाच्या पाण्यातल्या क्षारानं तिला धरलंय."

पेला खिडकीत ठेवला. दुपारपर्यंत ते पांढरं जांभळट करडं झालं. "हे कुणी केलं?" मामांनी विचारलं. मी म्हटलं, उन्हानं. फोटोचा कागदसुद्धा असाच काळा पडतो. त्यांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा दोन पेले भरले, एक उन्हात ठेवला आणि दुसरा काळ्या फडक्यात गुंडाळला. संध्याकाळी फडकं सोडलं तेव्हा झाकलेलं पांढरंच होतं. मामा कितीतरी वेळ एकदा या पेल्याकडं, एकदा त्या पेल्याकडं बघत बसले.

मग मी म्हटलं, गाडीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणू. या खेपेला दूध सुटलं नाही. तारेच्या टोकापासून धुरासारखी बारीक रेघ निघाली आणि हळूहळू पाण्याला फिक्या चहासारखा पिवळा रंग आला. खोलीत अंधार करून मी पेल्याच्या बाजूनं टॉर्च लावला. साध्या पाण्यात उजेडाचा झोत दिसत नव्हता. या पाण्यात मात्र तो आरपार लख्ख दिसला. चांदीचे कण इतके बारीक होते की तळाला बसत नव्हते, पण उजेड विखरत होते. मामांनी हाक मारून आत्याबाईंना बोलावलं.

"अगं बाई! उजेडाची काठीच हाय की पाण्यात!" पिठाचे हात तसेच धरून त्या वाकून बघत राहिल्या.

"मामा, बघायला छान आहे," मी म्हणाले. "पण प्यावं का, ते मला माहीत नाही."

"राजं-महाराजं चांदीच्या ताटात जेवायचे. मेले व्हय?"

रोज सकाळी ते पेलाभर पाणी घ्यायला लागले. घसा होता तसाच होता, पण फरक पडतोय असं ते सांगत राहिले.

वर्षभरानं एकदा ते अंगणात नखं काढत बसले होते. आत्याबाईंनी त्यांचा हात धरला. "ही नखं अशी का दिसत्यात?" नखांच्या मुळाशी निळसर करडा रंग होता, आतून शाई लागावी तसा. साबण लावला, चिंच चोळली, पण जाईना. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिथंही राखेची छटा होती.

"मामा, चांदी अंगात साठलीय. ऊन लागतंय तिथं काळी पडतेय."

त्यांनी सदऱ्याची बाही वर सरकवली आणि दुसऱ्या हाताचं मनगट दंडाशेजारी धरून पाहिलं. दंडाचा रंग नेहमीचा होता.

"झाकलेला पेला," ते हळूच म्हणाले.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, घसाही तपासला. "हे पाणी आजपासून बंद. रंग आता जाणं कठीण आहे. अन् घशाला औषध एकच, ओरडू नका."

परत येताना मामा पुढं चालत होते. मग थांबले. "तू आधीच म्हणालीतीस, म्हाईत न्हाय म्हणून. ते म्हाईत कसं हुतं?"

"शिकून, मामा. पुस्तकं असतात, विचारायला माणसं असतात. माझं एक वर्ष राहिलंय."

पाणी त्यांनी सोडलं. नखांचा रंग मात्र शेवटपर्यंत तसाच राहिला आणि कुणी विचारलं तर ते सगळी हकीकत न लाजता सांगत. पुढच्या जूनमध्ये ते स्वतः मला घेऊन कॉलेजात गेले. खिडकीपलीकडच्या कारकुनानं विचारलं, "मुलगी का?"

"सून हाय. शिकायचं ऱ्हायलंय तिचं."

वर्गात सगळ्या माझ्याहून लहान होत्या. पहिले काही दिवस मी मागच्या बाकावर अवघडून बसायचे. घरी आले की मामा पुढच्या सोप्यात बसलेले असत.

"आज काय बघितलंस?"

मी सांगायला लागे, आणि भाजी निवडता निवडता आत्याबाई मधेच विचारत, "बरं, मग फुडं काय झालं?"