गुडघ्याचं हळदकुंकू

मागच्या श्रावणात आमच्या कॉलनीतल्या बायका माझ्या उजव्या गुडघ्याला हळदकुंकू लावून गेल्या. त्यात एक चांगली साडी वाया गेली, पण ते जाऊ द्या.

सुरुवात दुखण्यापासून झाली. कित्येक वर्षं माझं अंग दुखतंय. आज खांदा, उद्या कंबर, आणि गुडघा तर कायमचाच! रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. हे म्हणायचे, "अगं, मशीन खोटं बोलेल का?" कळवणहून आमच्याकडे नाशिकला राहायला आलेल्या सासूबाई म्हणायच्या, "आमाला दुखायला टाईमच नव्हता बाई." कोणीतरी एकदा 'खरंच दुखतंय गं तुला' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. कधीकधी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे मी.

शेवटी आहारतज्ज्ञ बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "कशाने दुखणं वाढतं, ते प्रत्येकाचं वेगळं. काही दिवस गहू, वांगं, तेलकट, तिखट बंद ठेवा. मग एकेक खाऊन बघू."

झालं! ताटात नाचणीची भाकरी आणि उकडलेला दुधी आला. ते ताट बघून सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. (मी गेल्यावरही त्या एवढ्या रडणार नाहीत.) माझ्या पथ्याचा स्वयंपाक त्यांनी स्वतःकडे घेतला. आणि नवल म्हणजे, तो दुधी मला चक्क आवडायला लागला!

मग तो रविवार आला. आभाळ इतकं भरलेलं की भरदुपारी घरात अंधार. लाइट गेलेली, पंखा थांबलेला, गल्लीतलं कुत्रंसुद्धा गप्प. जेवून मी कॉटवर पडले होते. अचानक गुडघ्यात ठक्... ठक्... आतून कोणीतरी दार वाजवत होतं! मी कळवळून ओरडले, "कोणी मिसळ खाल्लीय?"

दारात हे उभे. चेहरा पांढराफटक, शर्टावर तर्रीचा लाल डाग.

"तुला कोणी सांगितलं?"

"गुडघ्याने!" मी चिडून म्हणाले. (दर रविवारी हे चोरून मिसळ खातात, त्यात ओळखायचं काय?)

तेवढ्यात स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातून भांडं खणकन पडलं.

त्याच आठवड्यात पुन्हा तेच. तिन्हीसांजेला गुडघा ठणकला आणि माझ्या तोंडून निघालं, "वांगं." का निघालं, देव जाणे! मला तर वासही आला नव्हता. हे हळूच म्हणाले, "आम्ही दुपारी गॅलरीत बसून भरलं वांगं खाल्लं गं." सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या. आता मात्र माझीच घाबरगुंडी उडाली. माझ्या गुडघ्यात राहायला आलंय तरी कोण? जिना उतरताना तो कट्कन वाजला तरी अंगावर काटा यायचा.

शेजारच्या काकूंचं मत पक्कं होतं. "गुडघ्यात देवी आलीय!" त्या बायकांना घेऊन ओटी भरायलाच आल्या. मला पाटावर बसवलं, गुडघ्यावर हळदकुंकू वाहिलं, उदबत्तीच्या धुरात कोणाचा चेहरा दिसेना.

काकूंनी हात जोडले. "आई, आमचे हे चोरून गोड खातात का?"

कट्! गुडघा वाजला.

दाराशी उभ्या असलेल्या काकांना (त्यांना शुगर आहे) दरदरून घाम फुटला. त्यांनी खिशातून दोन पेढे काढून मुकाट्याने माझ्यासमोर ठेवले.

"आणखी कोण चोर आहे, आई?" काकू कुजबुजल्या.

समईची ज्योत वाकडी झाली. माझा पाय आखडला होता, म्हणून मी तो सावकाश लांब केला. अंगठा नेमका सासूबाईंकडे!

"चुकलं माझं, आई!" सासूबाईंनी गुडघ्यालाच मिठी मारली. "मीच ती! पोरीचं ते फिक्कं खाणं बघवंना मला. जे रांधलं त्याचा चमचाभर रस्सा हिच्या दुधीत टाकत व्हते. पोरानं चोरून आणलेल्या मिसळीची तर्री बी टाकली. नाचणीची भाकर लय तुटायची, म्हनून गव्हाचं पीठ बी घातलं!"

म्हणजे दुधी आवडायला लागला तो असा!

काकांशेजारी उभे असलेले हे मात्र वेगळ्याच विचारात होते. "म्हणजे हिला काहीच माहीत नव्हतं... आणि तरी दुखलं?" ते माझ्याजवळ खाली बसले. "खरंच दुखतं गं तुला."

सगळ्या बायकांसमोर मी हमसून हमसून रडले. सासूबाई गुडघ्यावर हात फिरवत म्हणत होत्या, "मी मेलीनं इख घातलं गं तुला!"

तेव्हापासून पथ्य खरंखुरं सुरू झालं. दुखणं गेलं नाही, पण बरंच उतरलं. दुधी मात्र घशाखाली उतरत नाही. देवी गप्प झाल्यामुळे काकू जरा नाराज आहेत, काका खूश आहेत.

परवाच्या रविवारी पुन्हा आभाळ भरून आलं. लाइट गेली आणि अंधारात गुडघा ठणकला. ठक्... ठक्... माझ्या तोंडून "आई गं!" निघालं मात्र, सासूबाई धावत देवघरात गेल्या. "देवाशप्पथ, आज मी काय बी घातलं नाय!" ह्यांनी घाईघाईने शर्ट तपासला. कोरा करकरीत!

"मग कोणी खाल्लं?" दोघंही भेदरून माझ्या गुडघ्याकडे बघायला लागले.

मी डोळे मिटून घेतले, चेहऱ्यावर देवीचा भाव आणला, आणि पदराला लागलेली तर्री हळूच मांडीखाली दाबली.