अक्कांची कललेली मान

अक्कांविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. लिहायला बसलो की त्यांची डाव्या खांद्यावर कललेली मान डोळ्यांपुढे येते, आणि ती मान मीच कलवली होती.

सोलापुरात माझं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. शेजारच्या गाळ्यात अक्का कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकायच्या. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की पदर खोचून थेट माझ्याकडे यायच्या. मशीनला कॉलेजची पोरं चिकटलेली असली तर म्हणायच्या, "सरका की रे! अभ्यास न्हाय का तुमास्नी?" पोरं मुकाट्याने सरकायची.

त्यांचा खेळ एकच, विमानाचा. वरून शत्रू येणार, खालून आपण गोळ्या झाडायच्या. हा खेळ उभ्या पडद्यासाठी बनवलेला. माझ्याकडच्या मशीनचं खोकं मात्र आडव्या पडद्याचं. आतली जड पिक्चर ट्यूब उभी बसवायची तर खोकंच नवं करावं लागलं असतं. मी कंटाळा केला आणि खेळाचा सर्किट बोर्ड तसाच जोडला. चित्र कुशीवर झोपलं. शत्रू डावीकडून यायला लागले, आपलं विमान उजव्या काठाला. पोरं कुरकुरली तेव्हा मी ठोकून दिलं, "जपानात असंच खेळतात."

"जपानची माणसं झोपून खेळत्यात व्हय, मालक?" अक्कांनी विचारलं, मान खांद्याला टेकवली आणि खेळायला लागल्या. थोड्याच दिवसांत त्यांना हरवणारा कुणी उरला नाही. पुढे पुढे गिऱ्हाइकाशी बोलतानाही ती मान जरा कललेलीच असायची. कुणी चिडवलं तर म्हणायच्या, "सरळ बघून तुमाला काय दिसलं? जरा वाकडं बघा की!"

पार्लर बंद झालं तेव्हा त्यांचा मल्लिनाथ पाळण्यात होता. दोन दिवाळ्यांपूर्वी तो पुण्याहून आला, तो आईचा तोच खेळ संगणकावर घेऊन. पोराने जीव ओतला होता. जुन्या काचेचा फुगवटा, चित्रातल्या बारीक काळ्या रेघा, जरासे पसरलेले रंग, सगळं आणलं होतं. नवा टीव्ही त्याने आडवा न ठेवता भिंतीला टेकवून उभा केला होता. "बघ आई, जसंच्या तसं!"

अक्कांचं विमान लगेच पडलं. पुन्हा खेळल्या, पुन्हा पडलं.

"ह्यो आपला खेळ न्हवं. आपला आडवा होता."

"आई, मी सगळं तपासून केलंय. हा उभाच असतो."

शेजारी बसलेला नातू, मल्लिनाथचा मुलगा, खुदकन हसला. "आजी, तू खरंच जिंकायचीस का गं?"

त्याला त्या लहानपणापासून हीच गोष्ट सांगत आल्या होत्या. अक्का कडाडल्या, "मालकांना बोलवा. मशीन त्यांचं होतं."

मी गेलो. सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं. खरं बोललो तर जपानची थाप उघडी पडणार. या वयात लाज वाटली. म्हणालो, "उभाच असेल. आता नीट आठवत नाही."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मान अगदी सरळ ठेवून. "मालक म्हणत्यात तर उभाच असंल," म्हणाल्या, आणि माझ्यासाठी चकल्या आणायला आत गेल्या.

मल्लिनाथ पुण्याला परतल्यावर मी सांगायला गेलो होतो. अक्का अंगणात चटणी कुटत बसल्या होत्या. "अक्का, त्या खेळाचं जरा..."

"ते ऱ्हाऊ द्या ओ. आदी चव बघा, मीठ कमी हाय का?"

मी चव घेतली. त्यांनी चटणीचा डबा भरून हातात दिला, सुनेच्या दोन गमती सांगितल्या, मला हसवलं. मी डबा घेऊन घरी आलो. माघात अक्का झोपेतच गेल्या.

सगळं उरकल्यावर मी मल्लिनाथला खरं सांगितलं. तो उठला आणि उभा टीव्ही त्याने कुशीवर निजवला. नातू समोर बसला, गोंधळला, आणि हळूच त्याची मान डाव्या खांद्याला टेकली.

"बाबा, जमतंय! आजी खरं सांगत होती!"

आता नातू आणि गल्लीतली पोरं सुट्टीत माना वाकड्या करून खेळतात आणि मी कडेला बसून बघतो. बरं वाटतं.

अक्का, खेळ आडवाच होता. जपानचं मी बनवून सांगितलं. चुकलो. एवढंच बोलायचं होतं त्या दिवशी, आणि मी मीठ बरोबर आहे म्हणून उठून आलो.