कोंडामावशीच्या दोन मुठी

पिरनवाडीत आमच्या गल्लीतल्या बायका रोज भात टाकायच्या आधी मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात काढून ठेवतात. महिना संपला की सगळे डबे यशोदाबाईंच्या घरी जातात, तांदूळ दुकानात घालतात, आणि येईल तो पैसा महिला मंडळाचा. त्यातनं बालवाडीला चटया आल्या, लग्नाकार्याला मोठी पातेली आली. आणि त्यातनंच जेलातली शाळा चालली. कॉलेजात सांगितलं की पोरी हसतात, कैद्यांची शाळा तांदळावर कशी चालंल म्हणतात, खरं चालली. आणि सगळ्यात जास्त तांदूळ कोंडामावशीचा. बाकीच्या एक मूठ काढायच्या, ती दोन.

कोंडामावशी म्हणजे कोंडाबाई, आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून राहते. उद्यमबागेत एका लोखंड ओतायच्या फौंड्रीत वाळू चाळायला जाते, येते तवा पापण्यासुद्धा काळ्या असतात. नवरा देवाप्पा पण फौंड्रीतच होता, साच्यांच्या कामावर. सत्त्याहत्तर साली त्यानं दारूच्या नशेत रवळू नावाच्या बरोबरच्या कामगाराच्या डोक्यात फावडं घातलं, आमच्याच गल्लीच्या तोंडाला. रवळू जागच्या जागी गेला. कोंडामावशी तवा घागर घेऊन पाण्याला निघालेली, तिनं बघितलं. अजून दोघातिघांनी बघितलं असंल, खरं कोर्टात त्यातलं कोण बोललं नाही. ती बोलली. बेळगावच्या कोर्टात उभी राहून स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध बोलली. देवाप्पाला दहा वर्षांची शिक्षा झाली. पोलीस घेऊन जाताना त्यानं शिवी दिली नाही, आरडाओरडा केला नाही, नुसता तिच्याकडं बघत गेला, जिना उतरून दिसेनासा होईपर्यंत मान वळवून. मावशी म्हणते शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, शिवी संपते तरी.

मग एक्क्याऐंशी साली मारुतीराव मास्तर मंडळात आले. मास्तर रिटायर झाल्यापासनं जेलात कैद्यांना शिकवायला जायचे, फुकट. म्हणाले, "बायांनो, वरनं येतंय त्यात भागत न्हाय. पाट्या पायजेत, पुस्तकं पायजेत, सुतारकाम शिकवायला हत्यारं पायजेत. आणि एक कॅरम."

गुणाबाई फटकन म्हणाली, "का वो मास्तर, आमची पोरं रस्त्यावर गोट्या खेळत्यात आणि खुन्यास्नी कॅरम?"

"मग सुटून आल्यावर तुझ्याच पोरांत गोट्या खेळायला सोडू काय त्यास्नी?"

सगळ्या हसल्या. हसता हसता सगळ्यांची नजर कोंडामावशीकडं गेली. तिचा माणूस आत. ती कोपऱ्यात बसलेली, खाली मान. आणि एकदम म्हणाली, "माझ्या दोन मुठी धरा."

झालं! यशोदाबाईंनी डोळ्याला पदर लावला. माझ्या आईनं घरी येऊन सांगितलं की बघ, नवरा कसा बी असंना, जीव तुटतोय बाईचा. मला तर इतकं भरून आलं की मी त्या दिवशी जेवलेच नाही. साक्ष दिली म्हणून मनाला खात असंल, म्हणून देते, असंच सगळ्यांनी धरलं. महिन्यामागनं महिना गेला, मावशीच्या दोन मुठी कधी चुकल्या नाहीत. एकदा घरात तिचीच चूल पेटली नाही तरी डब्यात तांदूळ होता. मास्तर अधनंमधनं सांगायचे, देवाप्पा वाचायला लागला, देवाप्पा भजनात टाळ वाजवतो, देवाप्पाच्या हाताला लाकूड लोण्यासारखं लागतंय. मावशी इचारायची, "अजून किती शिकायचं ऱ्हायलंय?" मास्तर खूश व्हायचे. म्हणायचे, केवढी काळजी!

चौऱ्याऐंशी साली, गणपती झाल्यावर, मास्तर पेढे घेऊन गल्लीत आले. सायकल लावायच्या आधीच ओरडले, "कोंडाबाई, तोंड गोड कर! देवाप्पा परीक्षा पास झाला, वागणूक चांगली म्हणून शिक्षेत सूट मिळाली. दिवाळीच्या आत घरी!"

मावशी दारात भांडी घासत होती. तिच्या हातातली वाटी पडली नाही की काही नाही, हात तेवढा थांबला. मास्तरांनी पेढा पुढं केला तर तिनं राखेचे हात पाठीमागं घेतले.

"अजून तीन वर्सं हाईत की वो," म्हणाली.

"होती! शिकला म्हणून गेली!"

"शिकला म्हणून?"

"तर! तुझ्या मुठीचं पुण्य हाय बाई हे."

मास्तर पुढं सांगत राहिले. जेलातनं सुटणाऱ्यांसाठी शहरातल्या मोठ्या माणसांनी मिळून एक फंड काढलाय, त्यातनं त्याला हत्यारांची पेटी मिळणार, आणि उद्यमबागेतच एका फौंड्रीत साच्यांसाठी लागणारे लाकडी नमुने करायला घेणार. आणि ती फौंड्री नेमकी मावशीच्या फौंड्रीच्या समोरची. फाटकाला फाटक.

मास्तर गेले आणि मावशी माझा हात धरून आत घेऊन गेली. मनगट दुखलं इतकं घट्ट धरलं.

"पोरी, शिकल्याली माणसं लांब जात्यात न्हवं?"

"म्हणजे?"

"आपल्या गल्लीतला मायाप्पा शिकला, मुंबईला गेला. पाटलाचा शिकला, हुबळीला गेला. परत कोण आलं सांग. मी म्हणलं ह्यो शिकला की ह्याला बी लांब नोकरी लागंल, कुठं तरी. म्हणून दोन मुठी काढल्या गं! चांगला शिकू दे, लई शिकू दे, हिकडं यायचं नावच नको." ती हसायला लागली आणि ते हसणं इतकं वाईट होतं की मी घाबरले. "आणि तांदूळ घालून घालून मीच आणला की त्याला तीन वर्सं अलीकडं."

तीन वर्षं आम्ही सगळ्यांनी ज्याला प्रेम समजलं ते हे होतं. भीती. मी म्हणाले, मावशी, तो बदलला असंल, मास्तर सांगतात की. ती म्हणाली, "असंल. मास्तर त्याला पाटी धरल्याला बघत्यात. मी फावडं धरल्याला बघितलाय."

पुढचे दिवस मला अजून आठवतात. मावशी बसनं जायची सोडून शेतातनं चालत कामाला जायला लागली, मग शेतात कोण नसतं म्हणून परत बसनं. गल्लीत कुणाच्या चपला वाजल्या की ती बोलता बोलता थांबायची. आमच्या घरी येऊन बसायची, उठून जायची, परत यायची. एकदा दुपारी पोस्टमननं कडी वाजवली तर तिनं दार उघडलंच नाही, आतनं आवाज सुद्धा नाही. मी मागच्या बाजूनं गेले तर चुलीपाशी भिंतीला पाठ लावून उभी, हातात उलथनं. उलथनं! त्यानं काय होणार होतं?

मीच तिला म्हणाले, मंडळात सांग. ती म्हणाली, काय सांगू, नवरा येतोय म्हणून भ्या वाटतंय? हसतील. मी म्हणाले, हसू देत. खरं म्हणजे मला पण तीच भीती होती.

महिनाअखेरीला यशोदाबाईंच्या घरी डबे जमले. मास्तर पण आलते, देवाप्पाच्या स्वागताला काय करायचं ते ठरवायला. गुणाबाई म्हणाली नारळ मी देते. तेवढ्यात कोंडामावशी उठून उभी राहिली. मंडळात कुणी उभं राहून बोलत नाही, सगळ्या बसूनच बोलतात. ती उभी राहिली, जशी कोर्टात राहिली असंल तशी.

"त्याला माझ्या घरात आणू नका," म्हणाली.

कुणालाच कळेना. मास्तर म्हणाले, "अगं, फंडाचा नियमच हाय, घरच्यांनी घेतो म्हणलं तरच हत्यारं देत्यात. मी तुझ्या वतीनं व्हय म्हणून सांगून आलोय."

"मला इचारलासा?"

एवढे शिकलेले, चांगले मास्तर, त्यांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

यशोदाबाई म्हणाल्या, "कोंडा, नवरा हाय तुझा. नवराबायकोत फूट पाडायला मूठ काढली काय आम्ही?"

"आक्का, मी त्याला आत घातलाय. माझ्या तोंडानं. त्यानं जाताना बघितल्यालं तुमी बघितलं न्हाईसा. आणि त्याच्या आधी बी..." ती थांबली, मग पोलक्याची बाही वर केली. कोपराच्या वर हाड वाकडं जुळलेलं होतं. इतकी वर्षं शेजारी राहून मला ते माहीत नव्हतं. "दारू सुटली असंल. शिकला असंल. मी वाईट चितत न्हाय त्याचं. त्याला काम द्या, खोली द्या, माझ्या सगळ्या मुठी त्याला द्या. खरं लांब. मला रोज त्याची वाट बघत भ्यायला लावू नका."

कुणी हसलं नाही. मग गुणाबाई हळूच म्हणाली, "आमच्या गल्लीत बी नकोच की तसं. माझी पोरं हितंच खेळत्यात." आणि एकदम सगळ्या बोलायला लागल्या, व्हय व्हय, नकोच, लांबच बरं. मावशीची दया आली म्हणून किती आणि स्वतःची भीती म्हणून किती, मला सांगता येणार नाही. खरं ठरलं. मास्तरांचा मेहुणा निपाणीला सुतारकाम करतो, तंबाखूच्या वखारींना खोकी करून देतो, त्याच्याकडं देवाप्पाला ठेवायचं. फंडानं हत्यारं अडवली तर मंडळानं घ्यायची, खोलीचं भाडं पण सुरुवातीला मंडळाचं. मास्तर मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माझं. फंडवाल्यांशी मी बोलतो."

देवाप्पा सुटला त्या दिवशी मास्तर त्याला जेलातनं सरळ बेळगावच्या स्टँडवर आणणार होते. मावशीला कुणी बोलावलं नव्हतं. तीच म्हणाली, चल, मला बघायचंय त्यो बसमध्ये बसताना. न्हाय बघितलं तर मला झोप न्हाय लागायची. आम्ही पेपरच्या दुकानाच्या आडोशाला उभ्या राहिलो. मास्तर त्याला घेऊन आले. पायजमा, पांढरा शर्ट, केस बारीक, खांद्यावर हत्यारांची पेटी, इतका वाळलेला माणूस! मला वाटलं ह्याला काय भ्यायचं. आणि त्यानं मान वळवली आणि आमच्याकडं बघितलं. आडोसा असून त्याला दिसलं. मावशीनं माझा हात धरला.

तो चालत आला. मास्तर मागनं "देवाप्पा, देवाप्पा" करत.

"निपाणीला का धाडूलालेत मला?" त्यानं इचारलं.

मास्तर म्हणाले, "काम चांगलं हाय तितं."

"मी सांगितलं म्हणून," मावशी म्हणाली.

"भ्या वाटतंय तुला माझं?"

"व्हय."

तो तिच्याकडं बघत राहिला. काय होतं त्या नजरेत मला आजपण सांगता येत नाही, राग म्हणावा तर राग नाही, माया म्हणावी तर ती पण नाही. मग त्यानं पेटी ह्या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतली, "बरं," म्हणाला, आणि बसकडं गेला. मास्तरांनी खिडकीतनं त्याला तिकिटाचे पैसे दिले. कंडक्टरनं घंटी मारली.

मावशीनं डोळे गच्च मिटून घेतलते.

"बसला काय गं?"

"बसला मावशी. निघाली बस."

"उतरला न्हाय न्हवं?"

"न्हाय."

बस फाटकातनं बाहेर पडली, वळली, दिसेनाशी झाली. मी तिला सांगितलं. तिनं माझा हात सोडला नाही.

"नीट बघ," म्हणाली, "परत एकदा नीट बघ."