दाजींना बटणं मऊ वाटली

आमच्या दाजींना चष्मा लागलाय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांच्या तोंडावर सांगायची कोणाची छाती नव्हती. ताई फोनवर आलेले निरोप त्यांना वाचून दाखवायची आणि ते मोठ्या साहेबासारखे मान मागे टाकून "हं, पुढे?" म्हणायचे. औषधाच्या बाटलीवरची अक्षरं दिसली नाहीत की कंपनीवाले शाईत कंजुषी करतात. बिलावरची दिसली नाहीत की मशीन बिघडलंय. ताईने हौसेने आणलेला चष्मा कपाटात डबीसकट पडून होता. "चष्मा लावलेला पाणबुड्या कोणी बघितलाय का?" असं ते विचारायचे. खरंच कोणी बघितला नव्हता, त्यामुळे विषय तिथेच मिटायचा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने पाणबुडे. धरणाच्या भिंतीला खाली कुठे तडा गेलाय, झडपेच्या जाळीत काय अडकलंय, हे बघायला लोक त्यांना बोलावतात. पाण्यात त्यांच्या जोडीला त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची असते. मी काठावरचा शूर. घरामागच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर चालवतो, सिलिंडर भरतो, वायूंची मिसळण करतो आणि ते दोघं खाली गेले की वर बसून नखं खातो.

फार खोल पाण्यात साधी हवा चालत नाही. ती तिथे दारूसारखी डोक्यात चढते. म्हणून तिच्यात हेलियम मिसळायचा, आणि वर येता येता तो सिलिंडर सोडून जास्त ऑक्सिजनवाला दुसरा तोंडाला लावायचा. वर यायचं तेही थांबत थांबत. घाई केली की रक्तात बुडबुडे होतात आणि धडधाकट गेलेला माणूस पांगळा होऊन बाहेर येतो. कुठे किती थांबायचं हे मनगटावरचा कॉम्प्युटर सांगतो. पण तो बिचारा भोळा असतो. तोंडात कुठला वायू आहे हे त्याला स्वतःहून कळत नाही. आपण जे सांगू ते तो खरं मानतो आणि त्यावरच हिशेब करतो. म्हणून वायू बदलताना मनगट जोडीदारापुढे धरायचं. त्याने आकडे वाचायचे, सिलिंडरशी ताडून बघायचे आणि बरोबर असेल तरच तशी खूण करायची. भाचीला हा नियम दाजींनीच शिकवला होता, आणि शिकवताना भरपूर ओरडलेही होते.

दोघांचे जुने कॉम्प्युटर एकदमच म्हातारे झाले. नवे घ्यायला आम्ही तिघं डायव्हिंगच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकान चालवणाऱ्या बाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी काचेवर दोन डबे उघडून ठेवले. एक बेताच्या आकाराचा, रंगीत पडद्याचा. त्याला पाच वायू सांगता येत होते, हेलियमही चालत होता. दुसरा बशीएवढा. त्याचे आकडे रस्त्यापलीकडूनही दिसले असते. पण त्याला वायू दोनच सांगता येत, आणि हेलियम हा शब्दही त्याला माहीत नव्हता.

आमच्या कामाला कुठला हवा हे आंधळ्यालाही कळलं असतं. दाजींनी पहिला हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला, दिव्याकडे फिरवला. मग म्हणाले, याची बटणं मऊ आहेत. पट्टा हलका आहे. रंगीबेरंगी पडदे पोरांच्या खेळण्यांना असतात. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते मी त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी बशी उचलली आणि हाच बरा म्हणाले.

भाची हळूच म्हणाली, की यात हेलियम नाही. दाजी म्हणाले की हेलियमचा हिशेब आपण पाटीवर कोष्टक लिहून नेऊ, पूर्वी तसंच करायचो. ती म्हणाली की खाली गेल्यावर काम लांबलं तर पाटीवरचं कोष्टक लांबत नाही. तिचं बोलणं बिनतोड होतं आणि तेच दाजींना झोंबलं.

"पाण्यात तू किती वर्षं आहेस?" त्यांनी विचारलं. बाईंसमोर, दोन गिऱ्हाइकांसमोर.

पोरगी लाल झाली. मी काचेखालचे पट्टे मोजायला लागलो. बाईंनी आमच्या तिघांकडे बघितलं आणि म्हणाल्या, दोन्ही घेऊन जा, वापरून बघा, मग ठरवा.

दाजी दुष्ट नाहीत. ते असे का वागले हे मला माहीत होतं, आणि म्हणून त्यांचा राग येत असूनही मी तो पुरता करू शकलो नाही. पूर्वी त्यांचा एक जोडीदार होता, वयाने त्यांच्याहून मोठा. त्याचा कान गेला. त्याने ते लपवलं, आणि दाजींना कळल्यावर त्यांनी सगळ्या माणसांसमोर त्याला घरी धाडलं. "अर्धा माणूस पाण्यात नको," असं म्हणाले होते. तो माणूस पुढे कुठे गेला कोण जाणे. पण ते वाक्य दाजींच्याच घरी राहायला आलं होतं. आपण चष्मा लावला की आपणही अर्धे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

नवं सामान आधी पोहण्याच्या तलावात वापरून बघायचं, ही आमची रीत. तिथे सगळ्या सिलिंडरांत साधी हवाच असते, पण खाली जे जे करायचं त्याची रंगीत तालीम होते. भाचीने छोटा कॉम्प्युटर बांधला, दाजींनी बशी. मी काठावर पाय सोडून बसलो. पाणी इतकं स्वच्छ की सगळं दिसत होतं.

भाचीने दुसरा सिलिंडर तोंडाला लावायची वेळ आली. तालमीत त्या सिलिंडरमध्ये निम्मा ऑक्सिजन आहे असं धरायचं होतं. तिने मनगट दाजींपुढे केलं. दाजी वाकले, तिचा हात दोन्ही हातांनी धरला, पडद्यावरून अंगठासुद्धा फिरवला. बघणाऱ्याला वाटावं की काय हा काळजीवाहू बाप. मग त्यांनी बरोबर असल्याची खूण केली.

भाचीने सिलिंडर बदलला नाही. ती तशीच त्यांच्यापुढे मनगट धरून राहिली. दाजींनी पुन्हा खूण केली, या वेळी जरा चिडून. ती वर आली, तिच्यामागे दाजी आले, आणि दोघं पायरीवर बसले.

ती म्हणाली, "बाबा, मी या कॉम्प्युटरला सांगितलं होतं की मी नुसता ऑक्सिजन घेतेय. मुद्दाम. धरणात असते तर याने मला लवकर वर आणलं असतं. पांगळी होऊन आले असते मी. आणि तुम्ही दोनदा बरोबर म्हणालात."

दाजी हसले. खोटं हसू. ते म्हणाले की पाण्यात पडदा चमकत होता. तिने मनगटावरून कॉम्प्युटर सोडवला आणि त्यांच्या हातात ठेवला. तिथे ना पाणी होतं, ना चमक. दाजींनी तो लांब धरला. हात पुरेना. त्यांनी डोळे बारीक केले, मग माझ्याकडे बघितलं, की मी तरी काही बोलेन. मी पाण्याकडे बघत बसलो. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मी तेव्हा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचलं.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

ते म्हणाले, जुन्यावर कुठला आकडा कुठे असतो ते पाठ होतं. आणि तू कधी चुकत नाहीस.

म्हणजे गेल्या कित्येक खेपांना ते तिचं मनगट धरून नुसते अंदाजाने मान डोलवत होते. मी वर नखं खात होतो ते उगीच नव्हतं. भाची उठली, सामान आवरलं, आणि घरी जाताना गाडीत मागे बसली. एरवी पुढच्या सीटसाठी माझ्याशी भांडते.

दुसऱ्या दिवशी दाजी मला म्हणाले, चल दुकानात. मला वाटलं, बशी परत करतील आणि काहीतरी थाप मारतील, बॅटरी खराब निघाली वगैरे. थापा त्यांना छान जमतात. पण ते काचेपाशी उभे राहिले आणि चार माणसांदेखत म्हणाले, "मला जवळचं दिसत नाही. परवा मी खोटं बोललो. बटणं चांगली आहेत." कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते.

बाईंनी भुवईसुद्धा उचलली नाही. गल्ल्यामागच्या खुंटीवरून एक मास्क काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्याच्या काचेच्या खालच्या भागात वाचायची भिंगं बसवलेली होती. नंबर सांगा, म्हणाल्या, तशी बसवून देते. पन्नाशी उलटलेले बरेच जण नेतात. पाण्यात कोणाला कळतही नाही.

खुंटीवर तसे आणखीही मास्क लटकत होते. दाजी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं त्यांना सुटल्यासारखं होईल. उलट ते आणखी खचले. एवढीशी गोष्ट होती, आणि तिच्यासाठी त्यांनी पोरीचा जीव धोक्यात घातला होता. बाहेर आल्यावर त्यांनी मला तेच सांगितलं, याच शब्दांत, आणि मग गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

दोघांसाठी छोटे कॉम्प्युटर घेतले. महिनाभराने धरणावर काम निघालं, चांगलं खोल. मी सिलिंडर भरले, त्यातलं प्रमाण तपासलं, आणि दोघं उतरले. भाची दाजींशी कामापुरतं नीट बोलत होती. भांडण असं काही राहिलं नव्हतं. ताईने तर दोघांचं मिटलं म्हणून सुटकेचा निःश्वासही टाकला होता.

काम व्यवस्थित झालं, दोघं वेळेवर वर आले. भाची खाली काढलेले फोटो दाखवायला धरणाच्या इंजिनिअरांकडे गेली. दाजी गाडीच्या आडोशाला ओले कपडे बदलत होते. मी विचारलं, दिसलं का नीट?

"सगळं दिसलं रे," ते म्हणाले. मास्क हातात धरून ते टायरला टेकून खाली बसले आणि मग सांगायला लागले. वायू बदलायच्या जागी पोरीने मनगट पुढे केलं. त्यांनी आकडा न् आकडा वाचला, सिलिंडर बघितला, सगळं अगदी बरोबर होतं. त्यांनी खूण केली. पूर्वी त्यांची खूण झाली की ती एक क्षण थांबायची नाही, लगेच बदलायची. या वेळी तिने हात मागे घेतला, मनगट स्वतःच्या मास्कपुढे धरलं आणि एकेक आकडा स्वतः वाचून काढला. घाईत नाही, सावकाश.

मी म्हटलं, लहान आहे, होईल हळूहळू.

"लहान नाही. बरोबर करतेय ती," दाजी म्हणाले. "तिच्या जागी मी असतो तर मीही वाचलं असतं."

तेवढ्या वेळात तुम्ही काय केलंत, असं मी विचारलं. ते बुटाची नाडी बांधत होते, मान वर न करता म्हणाले की काही नाही, तिचं वाचून होईपर्यंत खूण तशीच धरून थांबलो.