कानात सांगितलेलं नाव

आमच्याकडे बाळाचं नाव फुई ठेवते. फुई म्हणजे बापाची बहीण. माझ्या भाच्याला बहीण नाही, म्हणून त्याच्या दुसऱ्या मुलीच्या बारशाला तो मान माझ्याकडे आला. मोठीच्या वेळी मला यायला जमलं नव्हतं. मी बाळाच्या आजोबांची थोरली बहीण. धरणगावहून एसटीनं धुळ्याला आले आणि रिक्षा करून देवपुरात भावाच्या घरी उतरले.

भाऊ सरकारी कचेरीतून निवृत्त झालाय. फाटकावर पाटी आहे. तिच्यावर आडनाव पूर्ण आणि नावाचं फक्त पहिलं अक्षर, कारण त्याचं नाव भिकाऱ्याच्या झोळीवरून ठेवलेलं आहे. माझं उकिरड्यावरून. आमच्या आधीची आईची मुलं जगली नाहीत. मी जन्मले तशी सुइणीनं मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं उचललं आणि पसाभर ज्वारी घेऊन आईला परत विकलं. यमाला वाटावं, ही टाकून दिलेली पोर, हिला कशाला न्यायचं. मग त्या उकिरड्याचंच बाईचं नाव करून मला ठेवलं. माझ्या वयाच्या माणसांत अशी नावं गावोगाव आहेत. गावात कुणाला त्याचं काही वाटत नाही.

लग्नात सासरच्यांना वाटलं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. चांगलं देवीचं नाव होतं. मी चौथी शिकलेली, ते मला वाचता आलं. दुसऱ्या दिवसापासून त्या नावानं हाका सुरू झाल्या. मी ओ दिली नाही. सासूनं चुलीपासून हाक मारली, अंगणातून मारली, शेवटी जवळ येऊन कानाशी ओरडली. मी शेण सारवत राहिले. "बहिरी पदरात पडनी व माय," असं ती गल्लीभर सांगत फिरली. पुढं एकदा दूध उतू जात होतं, सासू अंघोळीला बसलेली, तेव्हा सासऱ्यानं मला माझ्या खऱ्या नावानं हाक मारली. मी पळत गेले आणि दूध उतरवलं. तिथून तो प्रश्न मिटला. नाव घाण होतं, पण माझ्या आईनं मला जगवायला ठेवलं होतं. ते पुसायचा हक्क तांदळाच्या ताटाला नव्हता.

तर बारशाची सकाळ. भावजय आणि शेजारच्या दोघी घुगऱ्यांचे हरभरे निवडत बसल्या होत्या. बाळाची आई तिथंच भिंतीला टेकून बाळाला पाजत होती. शेजारणींचं नावांवरच चाललं होतं.

"आमच्या नातवाचं कियांश ठेवलं. कुणाचंच नसेल असं पाहिजे होतं."

"आमच्या खालच्या मजल्यावर आहे ना एक कियांश," दुसरी म्हणाली. "सारखा रडतो."

मी म्हटलं, "म्हणजे काय होतं त्याचं?"

"मोबाइलमध्ये दिलं होतं, आक्का. काहीतरी चांगलंच होतं."

मला ही नावं दाढेत अडकलेल्या तुरीच्या सालीसारखी वाटतात. जीभ तिकडंच जाते आणि चव काहीच नाही. पण आईबापांना आवडली तर ठेवू देत. मी कोण? मी तसं म्हणालेही, आणि तेवढ्यात भावजय म्हणाली, "आमचं नाव ठरलंय, आक्का. पूर्ती. तुम्ही फक्त कानात सांगायचं."

"याचा अर्थ?"

"पुरं झालं. दोन मुली झाल्या ना. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो. आमच्या कॉलनीत दोघींना झाला."

तिनं हे सुनेसमोर सांगितलं. सुनेनं बाळाला एका बाजूनं काढून दुसऱ्या बाजूला घेतलं आणि पदर नीट केला.

माझ्या आईनं मला घाण नाव ठेवलं ते मी राहावी म्हणून. हे धुतलेलं, इस्त्री केलेलं नाव होतं, आणि ते पोरीला रोज सांगणार होतं की तू आलीस तेवढं बास, आता दार लाव. मला राग आला. मी हरभऱ्यातला खडा उचलला आणि अंगणात फेकला.

सून बाळाला निजवायला आत गेली तशी मी मागे गेले. ती रावेरकडची, केळीवाल्यांची मुलगी. बोलणं कमी.

"तुझ्या मनात कोणतं नाव आहे?"

"माझं कोण विचारतं, फुई?"

"मी विचारतेय."

ती म्हणाली, "तापी."

मला हसूच आलं. "अगं, हे माझ्या वेळचं नाव. आमच्या गल्लीत दोन तापीबाई होत्या. दोघी मेल्या."

ती हसली नाही. "आमच्या बागेला तिचंच पाणी आहे. मोठीच्या वेळी पण मी हेच म्हटलं होतं. यांनी मोबाइलमधून दुसरं काढलं आणि मला नंतर सांगितलं."

"आता नवऱ्याशी बोललीस?"

"ते म्हणतात, आईला विचार."

मला ते नाव आवडलं नव्हतं. आजही फार आवडतं असं नाही. पण बाळंतपण तिचं झालं होतं, कॉलनीचं नाही.

दुपारी बायका जमल्या. पाळण्याला झेंडूची माळ होती. भाचा दारात मोबाइल धरून उभा. भावजय माझ्या कानाशी म्हणाली, "पूर्ती. विसरू नका."

"विसरले नाही," मी म्हटलं.

नाव कानात हळू सांगतात. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तापी." बाळाची मान वळवून दुसऱ्या कानातही सांगितलं, "तापी."

नाव सांगितलं की जमलेल्या बायका फुईच्या पाठीत धपाटे घालतात, तशी रीत आहे. मी पाळण्यावर वाकून वाट बघत राहिले. कुणाचा हात उठेना.

"आक्का, चुकलात तुम्ही," भावजय म्हणाली. "परत सांगा."

"चुकले नाही."

भाऊ बाहेरच्या खोलीतून आला. शहरात तो शुद्ध बोलतो, पण चिडला की गावचा होतो. "आक्का, हाई काय करं तू?"

"नाव ठेवं. कानम्हा पडनं ते पडनं."

एक शेजारीण म्हणाली, "शाळेत पोरं हिला ताप म्हणतील हो."

"म्हणू देत. मला उकिरडा म्हणायची. मी त्यातल्या दोघींच्या वेण्या उपटल्या होत्या."

भावजय म्हणाली, "कागदावर पूर्तीच लागेल. लोकांना काय सांगायचं?"

कोणी काही बोलायच्या आत माझ्या पाठीत धपाटा बसला. असा बसला की मी पाळण्याची दोरी धरली. सून उठून माझ्या मागे आली होती. केळीचे घड उचललेला हात तो. सुनेनं फुईच्या पाठीत घालावा की नाही, मला माहीत नाही. तिनं घातला, आणि मग बाकीच्यांनाही घालावा लागला.

मी मुक्काम वाढवला. भावजयीनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, आणि बाळाला मुद्दाम मोठ्यानं हाक मारू लागली. "पूर्तीला आण गं इकडं." सून भांडी घासत राहायची. "पूर्तीला तेल लावलंस का?" सून कपडे वाळत घालत राहायची. मी तिला काही शिकवलं नव्हतं. माझी ती उतू जाणाऱ्या दुधाची गोष्टही सांगितली नव्हती.

तिसऱ्या दिवशी भाऊ जेवायला बसला. त्याला जेवताना नात मांडीवर लागते. बायकोची हाक मारून झाली, "पूर्तीला आण." आत काही हललं नाही. भाजी निवत चालली होती. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी ताटातली मिरची मोडत होते.

"तापीले आण व बेटा," तो आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाला.

सून लगेच बाहेर आली. भाचा शेजारीच जेवत होता. मी त्याला म्हटलं, "उद्या नाव नोंदवायला जाशील तेव्हा मीपण येते रिक्षात."

"तुम्ही कशाला, फुई?" तो म्हणाला. "मी तेच लिहीन."

"लिहिशीलच," मी म्हटलं. "तरी येते."