मऊ फडकी

थोरलीने काळ्या गाडीचं बॉनेट चौथ्यांदा पुसलं आणि चौथ्यांदा त्यावर तोच धुरकट पट्टा उमटला. पुसावं तेवढं मळावं, अशी तऱ्हा. तिने पॉलिशला दोष दिला, पाण्याला दिला, शेडमधल्या दिव्यालाही सोडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिने बँकेतली नोकरी सोडली तेव्हा मामा म्हणाले होते, "पदवी घेऊन गाड्या पुसणार? मग कॉलेजात बादलीच घेऊन जायचं होतंस!" तिने खरंच बादलीपासून सुरुवात केली. एक बादली, घरातला व्हॅक्यूम क्लीनर आणि शेजारच्या काकांची गाडी, एवढंच भांडवल. काकांच्या सीटखालून तिने बिस्किटांचा चुरा, दोन पेनं आणि त्यांचा वर्षभर हरवलेला चष्मा काढला. त्या चष्म्याने केलेली जाहिरात कुठल्या फलकाला जमली नसती. पुढे पंक्चरवाल्याच्या मागची पत्र्याची शेड मिळाली. गाड्या यायच्या, पण एकेक. आजची गाडी डॉक्टरीणबाईंची होती. काम पसंत पडलं, तर त्यांच्या दवाखान्याच्या पाचही गाड्या दर महिन्याला इथेच येणार होत्या. बाई चारला येणार होत्या आणि आता अडीच वाजले होते.

पंक्चरवाला डोकावला. "काय गं, रंग खरवडून काढतेस की काय?"

"तुम्ही तुमची टायरं बघा!"

घाम पुसायला तिने फडकं तोंडाजवळ नेलं आणि थबकली. फडक्याला फुलांचा वास येत होता. तिने टोपलीतलं दुसरं हुंगलं, तिसरं हुंगलं. सगळ्यांना तोच वास. एरवी फडकी ती स्वतः धुवायची. काल दमून टोपली मोरीजवळ टाकली, ती आज सकाळी घडी घालून तयार मिळाली होती. तिने फोन लावला.

"आई, फडकी कशात धुतलीस?"

"नेहमीच्याच साबणात. वर झाकणभर ते कपडे मऊ करायचं औषध घातलं. हातांची सालं निघालीत गं तुझ्या, म्हटलं तेवढंच मऊ लागेल."

झाकणभर! त्या औषधाचा चिकट थर धाग्यावर बसला, की फडकं पाणी टिपत नाही, नुसतं माखत सुटतं. तीसच्या तीस कामातून गेली होती. नवी मिळायची ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, जाऊन येऊन दोन तास.

"आई, तू ना..." एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. पुढचं तोंडातून निघालं असतं, तर घरात चार दिवस अबोला ठरलेला.

"सावलीत उभी कर की," पंक्चरवाल्याने सुचवलं. "सावलीत सगळ्याच गाड्या नव्या."

पावणेचारपर्यंत ती तेच घोकत राहिली. सावलीत. पाच गाड्या. सावलीत. मग चरफडत तिने किल्ली फिरवली आणि गाडी भर उन्हात आणून उभी केली.

डॉक्टरीणबाईंनी बॉनेटवरून नजर फिरवली. "हे काय? आणली त्यापेक्षा वाईट दिसतेय!"

"फडकी बिघडली. चूक माझ्याकडची. गुरुवारी परत आणा, नव्याने करून देते."

"सावलीत उभी केली असतीत, तर आज कळलंही नसतं."

"उद्या कळलं असतं."

बाईंनी किल्ली घेतली. "गुरुवारी बघू. बाकीच्या गाड्यांचं आत्ता काही बोलत नाही मी."

घरी आईने पाण्याचं पातेलं तापवून ठेवलं होतं; टोपली येताच तिने फडकी त्यात बुडवली. डोळे सुजलेले.

"विचारायचं तरी होतंस, आई!"

"कुणाला विचारू? दोन वर्षं झाली, एकदा तरी नेलंस का तिथे? मला काय ठाऊक तू त्या फडक्यांनी काय करतेस ते!"

थोरली आणखीच चिडली. तिने बाह्या सरसावल्या आणि पातेल्यात हात घातला.

"गुरुवारी चल माझ्याबरोबर," ती फडकं पिळत म्हणाली. "आणि येताना कुठल्याही बाटलीला हात लावू नकोस."