आजोबांच्या घागरीतलं पाणी

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जातो. आयुष्य बँकेत गेलं, हिशेब जुळला नाही तर चूक आपलीच असते हे पक्कं ठाऊक. पण गेल्या अक्षय्य तृतीयेला सुरतेतल्या आमच्या पांडेसऱ्याच्या घरात जे झालं, ते...

आम्ही मूळचे खानदेशचे. या सणाला, म्हणजे आमच्या आखाजीला, गेलेल्या माणसांसाठी मातीची घागर भरतो. माझ्या वडिलांची भरतो, आईच्या वडिलांची कधीच भरली नाही. आई पाळण्यात असताना ते फौजेबरोबर बोटीने दुसऱ्या महायुद्धावर निघाले - आणि वाटेत एका सकाळी हजेरीत नव्हते. मेले म्हणायला कुणी पाहिलेलं नाही. जित्या माणसाची घागर भरायची म्हणजे आपल्याच हाताने त्याला मारायचं. आजी कुंकू लावूनच गेली. आता ऐंशी ओलांडलेल्या आईला एकच घोर - आपल्यामागे बापाला पाणी कोण देणार?

बोटीचं नाव तिला पाठ होतं. मी नेटवर शोधलं. साहेबांची ऐषआरामी बोट, आत नाचघर. युद्धात तिला करडा रंग फासला, नाचघरात शिपायांना झोपायला एकावर एक फळ्या ठोकल्या, वर तोफा बसवल्या. युद्ध संपलं, पुन्हा पांढरा रंग, पुन्हा साहेब नाचले. शेवटी भंगार. वाचून संताप आला. बोट परत आली, आमचा माणूस नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, बोटच तोडली तर आता ते येणार कशात? या आखाजीला त्यांची घागर भर.

आखाजीच्या दुपारी विकतच्या एकाच जारमधलं पाणी दोन्ही घागरींत ओतलं. नैवेद्यानंतर आईने आजोबांच्या घागरीतलं पाणी तळहातावर घेऊन चाखलं.

"खारं शे."

मीही चाखलं. डुमसच्या समुद्रात लाट नाकातोंडात जाते, अगदी तसं. वडिलांच्या घागरीतलं मात्र गोड. सुरतेत बोअरला खारं पाणी लागतं हे मलाही कळतं, पण जार एकच होता, कुंभारही एकच. घागर धुऊन पुन्हा भरली - पुन्हा खारं. का, ते मला आजही सांगता येत नाही.

आई भिंत धरून उठली.

"मना बाप गया रे भाऊ. आंघोळनं पाणी काढ."

मरणाची बातमी कानावर आली की आमच्यात आंघोळ करतात. मी बादली भरून दिली. आत ती लहान मुलीसारखी रडत होती, आणि मी दाराबाहेर नुसता उभा होतो.